काकांनी पास केलेली चांदी

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका स्वर्गात गेले, तर आत पाऊल टाकण्याआधी दाराची चांदी खरी आहे का हे ते नखाने खरवडून पाहतील, याबद्दल सोसायटीत कुणालाही शंका नाही. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी चौतीस वर्षं बाहेरून आलेला माल तपासला. पास किंवा रिजेक्ट, मधलं काही नाही. निवृत्तीनंतर नट-बोल्ट सुटले, तपासणी सुटली नाही. भाजीवाल्याच्या काट्यावर ते आधी स्वतःचं पन्नास ग्रॅमचं वजन ठेवतात. पण चांदी दिसली की त्यांचा चेहराच उजळतो. खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर आणि चुंबक, पिशवीत थर्मास, थर्मासमध्ये बर्फ. खऱ्या चांदीवर बर्फ भराभर वितळतो म्हणे. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी आहेरातल्या ताटावर असाच एक खडा ठेवला. तो काही वितळेना. "ताट कुणी दिलं?" काकांनी मोठ्याने विचारलं, आणि नवरदेवाचे एक मामा जेवण अर्धवट टाकून पार्किंगकडे निघाले.

मग चांदीचा भाव रोज वर चढायला लागला, आणि मागोमाग खोटी चांदी आली. सीलबंद पाकिटात, शिक्क्यासकट, नंबरासकट. "आपला सीझन आला, पोरी!" काका म्हणाले. रविवारी त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडू लागला. तळेगावहून जुन्या रुपयांचे एक संग्राहक आले. त्यांच्या अकरा नाण्यांपैकी चार ओतीव नकला निघाल्या. उरलेली सात खरी आहेत असं काकांनी दोनदा सांगितलं, तरी ते गृहस्थ त्या सातांकडेही परक्याची असल्यासारखे पाहत होते. सराफ तर स्वतः विकलेली चांदी परत घेतानाही "आधी वितळवून बघू" म्हणू लागले. फक्त आकुर्डीतले आमचे शेठ निवांत होते. गिऱ्हाइकाला ते एवढंच सांगत, "माझा माल काका बघतात." एका नव्या व्यापाऱ्याकडून आलेले शंभर ग्रॅमचे वीस बार असे बघता बघता विकले गेले.

त्यातला एक जुन्या गावठाणातल्या आजींनी घेतला होता. नातवाच्या बारशाला वाळे करायचे म्हणून त्यांनी तो सोनाराकडे कापायला दिला, आणि आत निघालं लालभडक तांबं. त्या दुकानात आल्या तेव्हा काका आणि मी तिथेच होतो.

"शेठ, ह्याला चांदी म्हनायचं व्हय? आमी काय येडं हाय?"

लोक जमले, मोबाइल वर झाले. तीस वर्षांचं दुकान दहा मिनिटांत जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. काकांनी तुकडा घेतला, व्हर्नियर लावला. "जाड आहे," ते पुटपुटले. "तांबं हलकं, शंभर ग्रॅम भरायला जाडी वाढवावी लागते." "चुंबक आणि बर्फ तांब्यालाही फसतात. जाडी आणि पाण्यातलं वजन मी वीसमधून तीनच बारांचं घेतलं होतं. कंपनीत तसंच घेतात. लॉट एका मशीनवरचा असतो."

"काका," शेठ रडवेल्या आवाजात म्हणाले, "चोराचा लॉट कुठला एका मशीनवरचा?"

काकांनी तुकडा काउंटरवर ठेवला. मग मोबाइल धरलेल्या हातांसमोर सरळ उभे राहिले. "पास मी केलं होतं. चूक दुकानाची नाही, माझी. सगळा माल परत बोलवायचा. पोरी, फोन लाव!"

अनोळखी माणसाला फोन करायचा तर मी आधी वाक्यं कागदावर लिहून काढते. त्या दिवशी कागदाला वेळ नव्हता. दोन दिवस माझ्या स्कूटरवर मागे काका, त्यांच्या मांडीवर वजनकाटा आणि काचेचा ग्लास. तळवड्यात एक आयटीवाला शिफ्ट सोडून खाली धावत आला. "काका, पाकीट फोडू नका, विकताना भाव कमी येईल!"

"आत तांबं असेल तर कसला भाव, राव? फोड!"

वीसपैकी सात खोटे निघाले. चार शेठनी बदलून दिले. उरलेल्या तिनांच्या बदल्यात काकांनी स्वतःच्या कपाटातले बार आणले. शेठ नको नको म्हणत असताना काउंटरवर ठेवले आणि पाठ फिरवली.

बारशाला आजींनी निरोप धाडला: नवे वाळे आधी काकांनीच बघायचे. पाळण्याशेजारी पाटावर काटा आणि ग्लास मांडला गेला. काकांनी एक वाळा दोऱ्याने पाण्यात सोडला, काढला, दुसरा घेतला.

"दोन्ही एकाच बारचे आहेत की," कुणीतरी म्हणालं.

"गप बसा. बघू द्या त्यास्नी," आजी म्हणाल्या.

पाळणा म्हणायला आलेल्या बायका थांबून राहिल्या. वाळा काचेला लागून किणकिणत होता. आकडा दुसऱ्या कुणाला कधीही वाचू न देणारे काका म्हणाले, "पोरी, तू वाच."

मी वाचला. त्यांनी कागदावर भागाकार केला, पुन्हा केला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"नक्की ना?"

चौतीस वर्षं हा प्रश्न लोक त्यांना विचारत आले होते. मी हो म्हटलं, आणि आजींनी बाळाचा पाय पुढे केला.