आल्याला फुटलेले शिंग

माधवमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बंगळूरच्या प्रयोगशाळेत होते. बातमी सांगून मामी म्हणाली, "सकाळीच 'ऑरेंज' हा शब्द कुठून आला ते शोधत होते..." रडू आले, पण त्याआधी मनात आले की मग सापडले का?

मामा कुंभकोणमच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत. घरात आमची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली जुन्या वळणाची मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. म्हणूनच शब्दांचे प्रवास त्यांना नातलगांच्या प्रवासांसारखे वाटत असावेत. त्यांचा लाडका शब्द 'जिंजर'. तो फ्रेंचमधून लॅटिनकडे, तिथून ग्रीककडे आणि शेवटी संस्कृत 'शृंगवेरा'पर्यंत मागे नेऊन ते फळ्यावर शिंग काढत. शिंगासारखे अंग, ते शृंगवेर! विद्यार्थ्यांच्या पिढ्या ते शिंग पाठ करून बाहेर पडल्या.

दोन दिवाळ्यांपूर्वी, पहाटे खायच्या औषधी चाटणासाठी, लेहियासाठी, आम्ही आले सोलत होतो. हे स्पष्टीकरण फार देखणे आहे, म्हणूनच मला संशय येतो, असे मी म्हटले. तमिळमध्ये आले म्हणजे इंजी आणि मूळ म्हणजे वेर. दक्षिणेचा हा 'इंजीवेर' व्यापाऱ्यांबरोबर उत्तरेला गेला असेल आणि संस्कृतात त्याचा अर्थ लावताना त्याला शिंग मागाहून फुटले असेल. कित्येक अभ्यासकांचे मतही असेच आहे. मामांचा चाकू थांबला. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यांना याच शब्दावर बोलायचे होते.

"उद्यां मी काय सांगू गे?" एवढेच त्यांनी पुसले. मला वाटले, त्यांची आयुष्यभराची मिरास मी हिरावून घेतली.

मेळाव्यात ते उठले ते परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाच्या चेहऱ्याने. "मी शिकवलेलं शिंग मोडून टाका," असे तमिळमध्ये सांगून त्यांनी इंजीपासून लंडनपर्यंतचा रस्ता नव्याने, धापा टाकत, उभा केला. मागून पिकल्या केसांचे एक गृहस्थ उठले. "सार, मी शिंग लिहिलं नव्हतं, म्हणून तुम्ही माझा मार्क कापलात."

"ये, घेऊन जा," मामा म्हणाले. सगळे हसले, सर्वांत मोठ्याने मामाच.

तेराव्याच्या पंगतीत तेच गृहस्थ माझ्या शेजारी होते. पानात भात पडताच त्यांनी 'राइस' हा तमिळ 'अरिसी'पासूनच आला, असे आवेशाने मांडले. मांडणी सुंदर होती. सगळ्यांचे डोळे सवयीने मामांच्या रिकाम्या झोपाळ्याकडे वळले आणि तिथेच थबकले...

स्वयंपाकघराच्या दारात बसलेल्या मामीने मान वर केली. "हे चूक असलं, तर कसं कळेल?" मामांच्याच सुरात तिने पुसले.

पंगतीत एकदम सगळेच बोलू लागले. पानांवरचे रसम निवत राहिले.