ऊन उतरल्यावर येणारी हिरा

हिरा शिरसाट माझ्या समोर राहते. विश्रांतवाडीत आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तिचं दार आणि आमचं दार, मधे चार पावलांची गॅलरी. तिच्याबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. ती स्वतः लिहिणार नाही, आणि ज्यांनी लिहायचं ते व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवून मोकळे होतात. म्हणून मी बसलोय. मी बापूराव साळवे, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त, आणि अकरा वर्षं आमच्या विहार समितीचा चिटणीस. मला गोड बोलता येत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. गोड वाचायचं असेल तर दुसरं काहीतरी घ्या.

हिराचे वडील रावसाहेब आणि मी एकाच खात्यात होतो. पोरगी डी.एड. झाली तेव्हा गड्याने अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले. पुढे ती वारज्याच्या एका शाळेत लागली, दोन बस बदलून जायची, पहिलीच्या मुलांना शिकवायची. आवाज असा खणखणीत की चौदा एप्रिलच्या सकाळच्या फेरीत घोषणा द्यायला बायका तिलाच पुढे करायच्या. मग हडपसरचं स्थळ आलं, लग्न झालं. सगळं रीतसर चाललं होतं.

एकतिसाव्या वर्षी तिचे सांधे धरले. सकाळी बोटांत खडू राहीना. बारीक ताप, केसांचे पुंजके गळायचे, नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाल चट्टा. कुणी म्हणालं संधिवात, कुणी म्हणालं रक्त कमी, सासूबाई म्हणाल्या आळस. वर्षभराने एका डॉक्टरांनी नाव सांगितलं, ल्युपस. आपल्या अंगात रोगाशी लढणारी जी यंत्रणा असते तीच उलटते आणि आपल्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडांवर धावून जाते. मुळासकट जात नाही, पण गोळ्या रोज घेतल्या, तपासण्या वेळेवर केल्या तर बहुतेकांना ताब्यात ठेवता येतो. ऊन टाळायचं. आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे सगळं मला आता तोंडपाठ आहे. तेव्हा ऐकून घ्यायला फुरसत नव्हती.

शाळेत प्रार्थना मैदानात, कवायत मैदानात. ही छत्री घेऊन उभी राहायची आणि मुलं हसायची. दोन वर्षं रेटलं, मग राजीनामा दिला. नवऱ्याचं म्हणणं, बाई सारखी झोपलेलीच असते. "चार दिवस आराम कर" म्हणून त्याने माहेरी आणून सोडली, ते चार दिवस अजून चालूच आहेत. नंतर आई गेली, करोनात रावसाहेब गेला. भाऊ संतोष आयटीत आहे, दर रविवारी फोन करतो आणि फोनवर फार काळजी करतो.

राहिली एकटी. दिवसभर खिडक्यांना जाड पडदे. ऊन उतरलं की दार उघडायचं. चार पोरांच्या शिकवण्या घ्यायची, पण तिच्या गालावरचा चट्टा कुणाच्या तरी आईच्या डोळ्यांत आला आणि "काहीतरी कातडीचं आहे म्हणे" असं गल्लीभर झालं. एकेक पोरगं कमी होत गेलं. शेवटचं गेलं त्या संध्याकाळी म्हणाली, "काका, आता पाढे मी मलाच म्हणून दाखवते." मी हसलो. हसायला नको होतं.

हे ती आमच्याच घरात म्हणाली. गेली चार वर्षं सातच्या सुमाराला ती आमच्याकडे चहाला यायची. आमची रतन चहा द्यायची, हिरा खुर्चीच्या कडेवर बसायची आणि दहा मिनिटांत उठायची. अख्ख्या दिवसात माणसाशी बोलणं म्हणजे एवढी दहा मिनिटं. त्यातली पाच मी बातम्यांत घालवायचो. उरलेल्या पाचांत टोमणे. "झाल्या मोठ्या बाई, फेरीला कशाला येतील," असं एकदा चारचौघांत म्हणालो. ती म्हणाली, "फेरी पहाटे पाचला काढा काका, पुढे मीच असेन." पहाटे पाचला समितीतलं कोण उठणार होतं, सांगा.

मग अपेक्षाचं निघालं. मागच्या गल्लीतल्या श्यामलाची मुलगी, एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. हिराने तिला किराणा दुकानात पाहिलं, गालावरचं लाल ओळखलं, आणि घरी जाऊन श्यामलाला डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. तपासणीत तेच आलं. पोरगी हिराकडे येऊन बसायला लागली. गॅलरीत दोघींचं हसणं ऐकू यायचं. हिराच्या घरातून हसण्याचा आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

दोन महिन्यांत पोरीचं येणं बंद झालं. गोळ्यांनी चेहरा सुजला होता, आणि चाकणचं एक स्थळ बघायला येणार होतं. श्यामलाने गोळ्या थांबवल्या, कुठूनशी काढ्याची बाटली आणली, आणि हिराकडे जायचं नाही म्हणून बजावलं.

त्या दिवशी हिरा चहा न घेताच बोलली. "काका, ती गोळी अशी एकदम तोडायची नसते. आतून काय बिघडेल कळणारही नाही. मी दोनदा जाऊन आले, श्यामलाताई दार उघडत नाहीत. विहारात सभा घ्या. मी सांगते, पण माझ्या एकटीचं कोण ऐकतंय? सगळ्यांच्या देखत तुम्ही म्हणालात की हा रोग लागत नाही, तर त्या ऐकतील."

"बघू," म्हणालो मी. बघू हा आमच्या समितीतला सगळ्यात जुना सभासद, कुठलाही ठराव त्याच्याशिवाय होत नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. हिरा रोज विचारायची. शेवटी पौर्णिमेची वंदना झाल्यावर सभा ठेवली आणि ग्रुपवर निरोप टाकला. बासष्ट अंगठे आले.

हिरा म्हणाली होती, "खीर सभेनंतर वाटा हं काका."

मी म्हणालो, "मला शिकवू नकोस. वीस वर्षं पौर्णिमा करतोय."

पौर्णिमेला वंदना झाली की खीर, ही आमची पद्धत. त्रिशरण, पंचशील, लगेच द्रोण. द्रोण हातात पडला आणि लोक उठले. कुणाचं दूध तापायचं राहिलं होतं, कुणाच्या घरी पाहुणे, कुणी नुसतंच "जयभीम, येतो" म्हणून चप्पल शोधायला लागलं. दहा मिनिटांत सतरंजीवर आम्ही उरलो. मी, रतन, माइकपाशी हिरा, आणि दाराजवळ श्यामला आणि अपेक्षा. त्या दोघी आल्या होत्या, हे महत्त्वाचं. पोरीनेच आईला ओढून आणलं होतं. पोरीचे पाय सुजलेले मला तिथूनही दिसले.

हिराने रोगाची माहिती हाताने लिहून साठ कागद आणले होते. त्यातला एक उचलून ती बोलली. माइक बंद केला, पण बोलली. स्वतःच्या बोटांबद्दल, शाळेबद्दल, गोळ्यांबद्दल. आवाज तोच, खणखणीत. मग माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही सांगा आता."

मी उभा राहिलो. "श्यामला, हा रोग लागत नाही. डॉक्टरांचं लेखी आहे."

श्यामला बसल्या जागेवरून म्हणाली, "लागत नाही ना? मग बापूभाऊ, तुमच्या घरात हिराचा कप वेगळा का?"

तिने रतनकडे बोट केलं.

"तुमच्या रतनवहिनींनीच सांगितलं मला. तो कप खिडकीत पालथा असतो, बाकीच्या भांड्यांत जात नाही. तुम्ही समितीचे चिटणीस. तुम्ही एवढं जपता, तर मी माझी तरणीताठी पोर तिच्याकडे कशी पाठवू? आणि तिला तोच रोग आहे असं चाकणवाल्यांना कळलं, तर उद्या तिचाही कप वेगळा होणार नाही कशावरून?"

खरं होतं. निळ्या रेघेचा कप, खिडकीत पालथा. हिराच्या शिकवण्या बंद झाल्या त्याच महिन्यात रतनने तो वेगळा काढला आणि मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं. पाहिलं आणि मिठाची गुळणी धरून बसलो. दर चौदा एप्रिलला मी माइकवर माझ्या आजोबांची गोष्ट सांगतो. गावच्या हॉटेलाबाहेर खुंटीला कप टांगलेला असायचा, तो आपणच विसळायचा, चहा वरून ओतायचे. सांगताना माझा आवाज भरून येतो, बायका डोळे पुसतात. आणि माझ्या घरात तोच कप, फक्त खुंटीऐवजी खिडकी. अरेरे, लाज वाटते लिहायला!

पण त्याहून वाईट पुढचं आहे. त्या क्षणी मी "चुकलो" म्हणालो असतो, तर श्यामला कदाचित थांबली असती. तेवढा एक शब्द पुरला असता. मी घसा खाकरला आणि सतरंजीकडे बघत राहिलो. चिटणीसाचा मान आडवा आला, दुसरं काय! श्यामला उठली, पोरीचा हात धरून निघून गेली. अपेक्षाने दारातून मागे वळून हिराकडे पाहिलं. हिरा साठ कागद गोळा करत होती. कुणी एकही नेला नव्हता.

घरी आल्यावर मी रतनवर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "चार वर्षं तुम्ही बघतच होतात ना?" तिने तो कप केरात टाकला. त्याने काय होणार होतं? दुसऱ्या दिवशी सात वाजले, हिरा आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी दार वाजवलं, आतून "झोपतेय काका" एवढंच आलं. एरवी दार वाजवायची सवय तिला होती, मला नव्हती. फार वेळ उभा राहिलो गॅलरीत.

तेराव्या दिवशी अपेक्षाला रुग्णालयात ठेवलं. मूत्रपिंडांवर आलं होतं. श्यामलाने पहिला फोन हिराला केला, म्हणजे कुणाचं खरं हे तिला आतून माहीत होतं. आणि हिरा, जिला गर्दीत जाऊ नको म्हणून सांगितलेलं आहे, ती भर दुपारी ओढणीत तोंड गुंडाळून रिक्षाने गेली आणि तोंडाला मास्क लावून रोज वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली. पोरगी वाचली. मूत्रपिंडं किती सावरतील ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. गोळ्या आता दुप्पट आहेत. चाकणचं स्थळ परस्पर गळालं.

पुढच्या पौर्णिमेला मी खीर मागे ठेवली आणि दारात समितीतल्या जयसिंगला उभा केला, कुणी निसटू नये म्हणून. वंदना झाल्यावर माइक घेतला आणि आजोबांची गोष्ट सांगितली, आणि तिथेच न थांबता माझ्या खिडकीतल्या कपाची सांगितली. सगळी, काही न लपवता. मग वेणूबाई उठल्या, म्हणाल्या, "आमची पोरं मीच काढली हिराच्या शिकवणीतून." अजून दोघी उठल्या. साठ कागद कमी पडले. अपेक्षाबरोबर तपासणीला आळीपाळीने कोण जाणार याची यादी झाली. वारज्याहून आणि हडपसरहून याच दुखण्याच्या, हिराला दवाखान्यात भेटलेल्या बायका पुढच्या वेळी येतील असंही ठरलं. हिराला जे हवं होतं ते सगळं झालं, फक्त महिनाभर उशिरा, आणि त्या महिन्याची किंमत एका पोरीच्या अंगातून गेली.

खीर वाटताना सगळे हिराचं कौतुक करत होते, लांबून. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मुद्दाम नव्हे हो. सवय असते लोकांना.

घरी परतताना जिन्यात ती दर पाच पायऱ्यांनी थांबत होती. मीही थांबत होतो. पहिल्या मजल्यावर मी विचारलं, "हिरे, तुला कपाचं माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. काका, मी पहिलीच्या वर्गाची बाई. कुणाची बाटली कुणी बाजूला ठेवली, हे मला पाठमोरीलाही कळतं."

"मग चार वर्षं का येत होतीस? तो कप माझ्या तोंडावर का नाही मारलास?"

ती कठड्याला धरून श्वास घेत उभी राहिली. आवाज अजिबात चढला नाही तिचा.

"दिवसभरात मला 'ये, बस' म्हणणारं ते एकच घर होतं. कपाचं बोलले असते, तर मग कुठे बसले असते, काका?"