डिंकात कालवलेला लाल

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या पोटात काही राहत नाही, असं ती चारचौघांत सांगत आली. तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका.

आष्ट्याजवळच्या एका हायस्कुलात मी चित्रकला शिकवायचो. दुष्काळ सरून एखाददोन वर्षं झाली असतील. फळं-मडकी काढून घ्यायचा मला कंटाळा, म्हणून मी पोरांना पाट्या रंगवायला शिकवायचो. दोरीला खडू फासून रेघ मारायची, अक्षरं आखायची, मग ब्रश. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या आमच्या नववीनं रंगवल्या होत्या. मिरवायचो मी — फार मिरवायचो.

शकुंतला त्याच वर्गात. बाप फौजेत. हात इतका स्थिर, की पट्टी न लावता रेघ ओढायची. शाळेमागच्या जुन्या विहिरीच्या पायऱ्या ढासळल्या, तेव्हा हेडमास्तरांनी तिथं धोक्याची पाटी लावायला सांगितलं. काम मी शकूला दिलं. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून तिनं स्वतःचा पंजा फळीवर ठेवून आखला, लालभडक भरला. खाली अक्षरं — उतरू नका.

आता मुद्द्यावर येतो. येतोच आहे.

पाटी उघड्यावर राहणार म्हणजे तेलरंगच हवा, हे पहिल्या तासाला मीच शिकवायचो. शाळेत लाल तेलरंगाचा डबा एकच होता. पण त्याच आठवड्यात तपासणीला साहेब यायचे होते, आणि मला कमानीवर 'सुस्वागतम्' झळकवायचं होतं — माझ्या हातचं, कोपऱ्यात माझी सही. डबा त्यात संपवला. शकूला म्हणालो, भुकटीचा रंग डिंकात कालव, चालतंय. ती म्हणाली, "सर, पावसात टिकंल व्हय त्यो?" म्हणालो, नंतर वरून तेलरंगाचा हात मारू.

नंतर कशाचा मारतोय? साहेब आले, गेले, कमान अडगळीत पडली. मी पाटी विसरलो — नाही, विसरलो नाही. येता-जाता दिसायची की. श्रावणात तिच्यावरून लाल ओघळ उतरताना पाहिले. उद्या बघू म्हणालो. पुढं फळी कोरी झाली, तीही पाहिली.

दिवाळीनंतर माणदेशाकडून मेंढरं घेऊन आलेलं एक बिऱ्हाड माळावर उतरलं. त्यातली बाई पाण्याला गेली. गावच्या माणसांना विहीर ठाऊक होती, तिला कशी असणार? ती उतरली. दुपारी वर काढली ती मेलेलीच. नवरा काठावर बसून होता. रडतही नव्हता.

हेडमास्तरांनी मला विचारलं, रंग कुणी कालवला होता? मी म्हणालो, शकुंतलानं. यात खोटं काय होतं? — असं तेव्हा स्वतःलाच विचारलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला तिला पुढं उभं करून ते सगळ्या शाळेदेखत बोलले, तुझ्या हयगयीनं माणूस गेलं. मी शिक्षकांच्या रांगेत मान खाली घालून उभा.

इथवरचं भित्रेपण म्हणून तुम्ही सोडून द्याल कदाचित. पुढचं सोडू नका.

मधल्या सुट्टीत ती चित्रकलेच्या खोलीत आली. डोळे सुजलेले. "सर, डिंक कमी पडला व्हय माझ्याकडनं?"

डिंक कितीही घातला असता तरी तो रंग पावसात टिकला नसता. मला हे पक्कं माहीत होतं. तिलाही शंका आली होती, पण तिचा विश्वास होता तो माझ्या शब्दावर. मी म्हणालो, "हो. थोडा कमीच पडला."

त्यानंतर तिनं ब्रश धरला नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेलाही बसली नाही. मी एकदाही का म्हणून विचारलं नाही.

काही वर्षांनी कोरेगावच्या एसटी स्टँडवर भेटली, कडेवर मूल. गर्दीत वाकून पाया पडली. म्हणाली, "सर, ती बाई अजून सपनात येती. दरसाली तिच्या नावानं निवद काढून ठिवते मी. माझ्या हातनं गेली ना."

गाडीला वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सुखी राहा."