हिर्डोशीच्या रस्त्यावर मी नव्हतेच

आधी एक स्पष्ट करते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' म्हणायला जीभ वळत नाही. आम्ही बौद्ध. अंगारे, गंडे, भगत यांना आमच्या घरात कधी थारा मिळाला नाही. लहानपणी कुणी सांगितलं की वरंधा घाटात बाई दिसते, तर बाबा शांतपणे विचारायचे, "कुणाला दिसली? त्याला घेऊन ये." अशा घरात वाढलेली मी. या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचायचे. आज स्वतः लिहायला बसलेय ती भीती वाटली म्हणून नाही. राग आलाय म्हणून. दोन वर्षं होत आली, अजून गेलेला नाही.

मी भोरची. मूळ गाव हिर्डोशी — शेत, चुलते, भावकी सगळी तिकडे. थोरली ताई वेल्ह्याला दिलेली. मी फूड टेक्नॉलॉजी केलं, पुण्यात नोकरी केली, आणि मग ऑस्ट्रेलियाचा तो वर्षभराचा व्हिसा असतो ना, तरुण पोरांनी फिरायचं आणि फिरता फिरता मिळेल ते काम करायचं... त्याच्या सोडतीत माझं नाव निघालं. आईने आठ दिवस जेवण धड केलं नाही. मग स्वतःच बॅगेत नाचणीचं पीठ भरून दिलं.

क्वीन्सलँडमधल्या एका लहान गावात मला काम मिळालं. ढोबळी मिरची पॅक करायचं. फोटो बघून लोकांना वाटायचं मी समुद्रावर हिंडतेय. समुद्र होता, पण मी पहाटे पाचला उठून हॉस्टेलच्या गाडीने पॅकिंगच्या शेडवर जायचे आणि तीनपर्यंत उभी असायचे. सरकत्या पट्ट्यावरून मिरच्या येतात — डाग पडलेल्या बाजूला, वाकड्या बाजूला, चांगल्या खोक्यात. संध्याकाळी डोळे मिटले तरी हिरवं-लाल सरकताना दिसायचं. एका खोलीत आम्ही आठ जणी. माझ्या खालच्या बंकवर मेई नावाची तैवानची मुलगी होती, तिच्या राइस कुकरमध्ये मी खिचडी लावायचे आणि दोघी खायचो. वाईट दिवस नव्हते. मला आवडत होतं, खरंच.

आता तो दिवस. ऑक्टोबर संपत आला होता. दोन दिवसांपूर्वी खोकं उघडताना माझ्या डाव्या अंगठ्याला कटर लागलं होतं. खोल नव्हतं. अशा शेडमध्ये जखमेला लावायची पट्टी निळी असते, कारण निळ्या रंगाची भाजी नसते. मालात पडली तर लगेच दिसावी. पट्टीवर पुन्हा ग्लव्ह. मी हे घरी सांगितलं नव्हतं. अंगठा कापला म्हटल्यावर आई हात कापल्यासारखी रडली असती. त्यात आम्ही फक्त रविवारी बोलायचो, आणि रविवार अजून यायचा होता.

जेवणाची सुट्टी एकला संपली. आत जाताना सुपरवायझर हात तपासते. तिचं नाव शेरिल. तिने माझी पट्टी बघितली, कागदावर टिक केली, मी ग्लव्ह चढवला. दीड वाजता मला ग्लव्हच्या आत अंगठ्याच्या टोकाशी लालसर दिसलं. ग्लव्ह काढला तर अंगठा उघडा. पट्टी नाही. ग्लव्ह उलटा केला, नाही. ग्लव्ह कुठेही फाटलेला नव्हता, हे मी आजही कुठल्याही कोर्टात सांगेन.

पट्टी हरवली की लाइन बंद. आम्ही पंचवीस जणांनी भरलेली खोकी उपसली, पट्ट्याखाली बॅटरी घेऊन वाकलो. मिळाली नाही. शेरिल म्हणाली, "प्रज्ञा, पट्टी हवेत विरघळत नाही. तू मधे ग्लव्ह काढला होतास."

"नाही काढला."

"मग सांग कुठे गेली?"

तिने रिपोर्ट लिहिला — तारीख, वेळ दीड, माझं नाव, माझी चूक. मला सही करायला लावली. न केलेल्या चुकीवर सही करताना कसं वाटतं ते ज्याने केलीय त्यालाच कळेल.

हॉस्टेलवर येऊन मी भांडी आपटतच खिचडी टाकली. साडेसहाला आईचा फोन आला. रविवार नव्हता, म्हणून मी घाबरून उचलला. तर ती रडवेली, आणि चिडलेली.

"भोरला येऊन घरी यावंसं वाटलं न्हाई तुला?"

मी म्हटलं, "आई, काय बोलतेस? कोण आलं भोरला?"

"आता लपवू नको. सकाळी तात्यांना तूच गाडीत बसवलंस ना? सगळ्या गावानं मला सांगायचं, तुमची पोरगी हिर्डोशीच्या रस्त्याला होती म्हणून. आणि मी हितं तुझी रविवारची वाट बघतीय."

तात्या म्हणजे बाबांचे चुलत भाऊ, हिर्डोशीलाच राहतात, सत्तरीला आलेले. त्यांना शुगर आहे. मी विचारलं तात्यांना काय झालं, तर म्हणाली आता बरे आहेत, दवाखान्यात आहेत. मग मधेच म्हणाली, "आणि अंगठ्याला काय लागलंय तुझ्या? तात्या म्हनत होते, डाव्या अंगठ्याला निळं कायतरी गुंडाळलं होतं."

मी खुर्चीत बसले. उजव्या हातात पळी होती, ती तशीच.

मी भारतातली वेळ मोजली. आमचे दुपारचे दीड म्हणजे तिकडचे सकाळचे नऊ. आईला विचारलं, हे किती वाजता झालं? ती म्हणाली, "नवाची एसटी आली न्हाई, तवाच."

आता इथे तुमच्या अंगावर काटा आला असेल. माझ्याही आला. पण पुढे जे झालं त्याने तो काटा टिकू दिला नाही. कारण तिकडे कुणाला हे अमानवीय वगैरे वाटलंच नाही. त्यांनी अगदी सरळ हिशोब केला. पोरगी दिसली, म्हणजे पोरगी इथे आहे. म्हणजे ऑस्ट्रेलिया खोटं. म्हणजे ही पुण्यात कुणाबरोबर तरी राहतेय आणि आईबापाला फसवतेय. चार दिवसांत ही गोष्ट डोंगर ओलांडून वेल्ह्याच्या बाजारात पोचली. ताईला भाजी घेताना एका बाईने विचारलं, "तुमची धाकटी परदेशात न्हाई म्हनं?" ताईच्या सासूबाईंनी आठवडाभर तिच्याशी बोलणं टाकलं. ताईने काय केलं होतं?

मी हजेरीचा कागद पाठवला. फोटो पाठवले. शेवटी शेरिलचा तो रिपोर्ट पाठवला, तारीख-वेळेसकट. ज्या कागदावर सही करताना मी रडले होते, तोच पुरावा म्हणून दाखवायची वेळ आली. तर दाजी म्हणाले, "असले कागद मोबाईलवर कुणीबी करतं." बाबा म्हणाले, "माझा तुझ्यावर विश्वास आहे," पण ज्या आवाजात म्हणाले त्यावरून कळलं की नाहीये. आई महिनाभर फोनवर आली नाही. मेई विचारायची, तुझ्या घरी कुणी वारलं का? तिला काय सांगणार... मी जिथे आहे तिथेच आहे, हे सिद्ध करतेय म्हणून?

आणि राग फक्त घरच्यांचा नाही. कुणीतरी माझा चेहरा घेऊन माझ्या गावच्या रस्त्यावर फिरलं. मला ज्या रस्त्याची रोज आठवण यायची, त्या रस्त्यावर. बोलणी मात्र मी खाल्ली, इकडेही आणि तिकडेही.

वर्ष संपलं, मी परत आले. पहिल्याच दिवशी पासपोर्ट दाजींच्या पुढ्यात ठेवला. मुंबईहून गेल्याचा शिक्का, मुंबईला आल्याचा शिक्का, मधे काही नाही. त्यांनी पानन् पान उलटलं. मग म्हणाले, "म्हणजे तात्यांना भास झाला. शुगर उतरली की होतं तसं." माफी नाही. बघा, महिनोन्‌महिने मी खोटारडी, आणि एका मिनिटात तात्या वेडे.

भास असेल तर असेल, पण ज्याने तात्यांना दवाखान्यात नेलं त्या टेम्पोवाल्याचं काय? टेम्पोवाला म्हणजे सचिन, दहावीपर्यंत माझ्या वर्गातला. मी त्याच्याच टेम्पोत बसून हिर्डोशीला गेले. त्याला म्हटलं, "तू नक्की काय बघितलंस ते जसंच्या तसं सांग."

तो म्हणाला, "भाताची पोती घेऊन भोरला चाललो होतो. तू रस्त्याच्या मधी हुबी. हात करून थांबवलंस. म्हनलीस, सच्या, तात्यांची शुगर उतरलीय, सरकारी दवाखान्यात ने, आणि आमच्या घरी सांग. मला सच्या आता कोन म्हनतंय? शाळेतलीच म्हनत्यात."

"मग?"

"मग दोगांनी धरून तात्यांना वर घेतलं. म्या म्हनलं, तूबी चल. तर म्हनलीस, मला परत कामावर जायचंय. आन् घाटाकडं चालत गेलीस. तिकडं कसलं काम? म्हनून तर म्या गावात इचारलं."

म्हणजे बोभाटा त्याच्यापासून सुरू झाला होता. मी भांडायचं ठरवून आले होते, पण त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती. तो मला निरखून बघत होता, आणि मला कळलं की तोही घाबरलाय, फक्त उशिरा.

तात्या अंगणात भात पाखडत होते. मी बसले आणि स्पष्ट सांगितलं, "तात्या, ती मी नव्हते. मी त्या वेळी परदेशात होते. पासपोर्ट आणलाय."

त्यांनी पासपोर्टकडे बघितलंही नाही. "पोरी, सकाळी गोळी घेतली आन् उपाशीच निघालो. एसटी काय आली न्हाई. डोळ्यापुढं अंधार, अंगाला दरदरून घाम. म्हनलं संपलं आता. तू आलीस, माझ्या पिशवीतला शेंगदान्याचा लाडू काढलास, चुरून तोंडात घातलास. म्हनलीस, गिळा तात्या, झोपू नका. लाडू पिशवीत हाय हे मलाबी ठाव नव्हतं, तुझ्या चुलतीनं गुपचूप ठेवला व्हता. डाक्टर म्हनला, अर्धा तास गेला असता तर काय खरं नव्हतं."

"पण मी नव्हते हो."

"न्हाई म्हन तू. आमी इसरनार न्हाई." आणि त्या म्हाताऱ्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले.

मला इतकं लाजल्यासारखं झालं. न केलेल्या चुकीवर सही केली होती, आता न केलेल्या उपकाराचा नमस्कार घ्यायचा. मी त्यांचे हात धरून खाली केले. दुसरं काय करणार?

तुम्ही विचाराल, मला त्या वेळी काही जाणवलं का? चक्कर, हाक, शहारा? नाही. काहीच नाही. मी मिरच्या निवडत होते. याचाही मला राग येतो. एवढी मोठी गोष्ट माझ्या नावावर घडली आणि मला तिचा एक क्षणही मिळाला नाही. जुळी बहीण नाही, माझ्यासारखी दिसणारी भावकीत कुणी नाही. ग्लव्ह न फाटता पट्टी कशी गेली, याचंही उत्तर नाही. कमेंटमध्ये 'योगायोग' लिहिणाऱ्यांना एवढंच सांगेन की तो शब्द मी तुमच्या आधी हजार वेळा वापरून बघितलाय.

आईने यावर माफी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. एकदा सकाळी चहा गाळता गाळता तिने विचारलं, "खरंच तू नव्हतीस?"

"नव्हते."

तिने गाळणीतला चोथा झटकला. मग म्हणाली, "आक्टोबरचं ऊन. कोन का असंना ती... एवढं करून गेली, आन् कुनी तिला साधं पानी विचारलं न्हाई."