मंगळवारची बाई

नागभीडच्या दवाखान्यात दर मंगळवारी लेकरांच्या मनाचा इलाज करणारी एक बाई येते. तिचं नाव मी कधी विचारलं नाई. खुर्ची सोडून ती चटईवर बसते, अन् एकदा सवाल केला की उत्तराची वाट पाहत मुकाट राह्यते.

वाघानं कालवड नेली ते माह्या नातीनं डोळ्यानं पाह्यलं. तवापासून पोरगी बोलेना. मी तिले बाईकडे नेलं अन् म्हटलं, "एक सुई द्या, गोळ्या द्या. मले धान निंदाले जायचं हाये."

बाई हसली. "सुई नाई ना भाऊ माह्याजवळ. तुमी बी बसा, तिच्या बाजूले."

नातीले तिनं खडू दिले अन् विचारलं मले, "भाऊ, वाघाचं भेव वाटते का?"

"हॅट्! मी जंगलातच वाढलो."

"बरं," म्हणाली. पुढच्या मंगळवारी तोच सवाल, अन् तेच "बरं". मले राग आला. बिमार पोरगी, अन् विचारपूस माही!

तिसऱ्या मंगळवारी पुन्हा विचारलं अन् वाट पाहत बसली. मी 'नाई' म्हणायले तोंड उघडलं, पण नात माह्याकडे पाहून राह्यली होती.

"वाटते, बाई," मी म्हटलं. "कालवड गेल्यापासून मी बांधावर एकटा जात नाई."

नातीनं खडू खाली ठेवला. "आबाजी, मले बी वाटते."

बाई चटईवर थोडी मागं सरकली, अन् आमच्यासाठी जागा केली.