मुक्ताबाईचा गोबरगॅस

आमच्या येरमाळ्यात मुक्ताबाईला येडी म्हणणारी माणसं हायत. माझ्यासमोर म्हणून दाखवावं कुणी! तिच्या भिंतीला भिंत लावून म्या जन्म काढलाय.

तिचा नवरा गोरोबा. चुलीच्या धुरानं बायकोचे डोळे लालभडक झालेले त्याला बघवंनात, म्हणून सबशिडीवर गोबरगॅस बसवायचं त्याच्या डोस्क्यात बसलं. कळंबला पंचायत समितीत खेटे घालून चपला झिजवल्या. साहेब म्हणाले, आधी तुम्ही बांधा, शेगडी पेटलेली डोळ्यांनी बघू, मगच सबशिडी. त्यानं परसात खड्डा खणून बांधून काढला, शेणकाला भरला, वर लोखंडी टाकी बसवली. आन् नेमका दुष्काळ पडला. जनावरं चारा छावणीला गेली, मग शेण कुठलं? शेगडी काय पेटली न्हाय. आत भरलेलं तसंच सडत पडलं.

पुढं पाऊस झाला, जनावरं परत आली, साहेब बघायला येणार असा निरोप आला. गोरोबानं माणसं लावून टाकी बाजूला केली आन् तळाचा गाळ काढायला खाली उतरला. तिथं विषारी हवा साचती हे कुणाला ठाव? मुक्ताबाई वरनं घमेलं सोडत हुती. तिनं हाक मारली, त्यानं ओ दिली न्हाय. दोर लावून वर काढला तवर गुदमरून गेला हुता. ते तोंड म्या बघितलंय.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवंना. मेलेल्याचं मन कशात अडकलं की असं हुतंय, मग घरच्यांनी एकेक कबूल करत जायचं. पोरीचं लगीन थाटात करू म्हणाले, म्हातारीला सांभाळू म्हणाले. कावळे आपले लिंबावर बसून बघायले. ऊन चढलं. गोरोबाचा धाकला भाऊ बलभीम तोंडाचा लई फटकळ. तो वैतागून बोलून गेला, "दादा, तुझी शेगडी वहिनी पेटवंल!" आन् मेला कावळा लगेच खाली आला की वो.

बोलला ह्यो, अडकली ती. बलभीमनं वरनंच शेणकाला ओतून खड्डा भरला, टाकी बसवली. आत गॅस साचंल तशी हळूहळू टाकी वर यायला लागली. मुक्ताबाईनं परसात जायचं सोडलं. मला म्हणायची, हरणाक्का, टाकी आपोआप वर येती वो, खालनं कुणीतरी खांदा देतंय. म्या दटावलं तिला. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासनं मी बी तिकडं पाठ करून भांडी घासायले. न पेटवावं तर मेलेल्याला दिलेला शब्द मोडतोय, पेटवावं तर ज्यानं नवरा खाल्ला त्याच्यावर भाकरी भाजायची. दोन्हीकडनं तिचंच मरण.

साहेब आले. शेगडीपुढं मुक्ताबाई बसली. दोन-तीन काड्या पेटायच्या आधीच मोडल्या. बलभीम काड्यापेटी घ्यायला पुढं झाला, तर तिनं त्याला मागं ढकललं. मग एक काडी पेटली, तिनं शेगडीचा कॉक फिरवला. फुस्स झालं, आन् निळा जाळ उभा राहिला. धुराचं नाव न्हाय. त्या जाळावरचा चहा पिऊन साहेबांनी कागदावर सही केली, सबशिडी मंजूर झाली म्हणाले आन् गेले. साहेब म्हंजी कोवळा पोरगाच, भला हुता, त्याला काय ठाव.

बलभीम म्हणाला, वहिनी, कॉक बंद करा, गॅस वाया चाललाय. ती हलंना. त्यानं कॉकाला हात घातला तसं तिनं त्याचं मनगट धरलं. आवाज चढवला न्हाय तिनं.

"बंद करू नका भावजी. खाली त्येंचा जीव गुदमरंल."

बलभीम मनगट सोडवून तिथंच भुईवर बसला. मी बी बसले. जाळ बारीक बारीक होत दिवेलागणीला आपला आपण विझला, तवर आमी कुणी उठलो न्हाय.