शेठच्या ओट्यावर सुटलेला अंबाडा

"अंबाडा सोड बघू, बाई."

डॉक्टर माझ्या आईला म्हणाले. मिठागराच्या शेठच्या ओट्यावरून, सगळ्या पुरुषांसमोर.

काय थाट होता त्या ओट्याचा! शेठ झोपाळ्यावर. डॉक्टर खुर्चीत. त्यांची शिकाऊ पोरं बाकावर, हातात सरबत. मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बायका खाली अंगणात, उकिडव्या; त्यांत माझी आई. मधल्या पायरीवर मी, कागद धरून. मॅट्रिक झालेली गावातली पोरगी. म्हणजे अर्धी ओट्यावरची, अर्धी अंगणातली.

ऐंशीनंतरची गोष्ट. वाशीत इमारती उठत होत्या, कोपरखैरण्याकडे आमची मिठागरं अजून चालू होती. हाडं-सांधे किती दुखतात ते विचारणारी एक इंग्रजी प्रश्नावली डॉक्टरांना इथल्या लोकांसाठी तयार करायची होती. त्यांनी ती पुस्तकी मराठीत आणली. मी ती आमच्या बोलीत विचारायची, बायकांना कळते का ते पाहायचं. मला वाटलं, केवढा मान!

"मोटारीत चढता-उतरता त्रास होतो का?" हे मी आईला बोलीत विचारलं.

"कोनाचे गारीन, बाय?"

कोणाच्या गाडीत, म्हणे! अंगण खदखदलं. मीही हसले. डॉक्टर म्हणाले, "त्रास नाही, असं लिही." मी लिहिलं. बाथटबमधून उठायलाही आईला त्रास नव्हता. तेही लिहिलं.

मग आलं, केस विंचरून बांधता येतात का?

आईने झोपाळ्याकडे पाहिलं. "येतान. काय नाय दुखत."

त्या सकाळी तिचा अंबाडा मी बांधला होता. रोज मीच बांधायचे. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. पण शेठ ऐकत होता. जिचं दुखतं तिला तो कामावर घेत नसे, हे अंगणात सगळ्यांना ठाऊक. आणि डॉक्टर, ओटा दिला म्हणून, त्याच शेठचे आभार मानत होते!

"यांच्या बोलण्याचा काय भरवसा?" असं म्हणून डॉक्टरांनी अंबाडा सोडायला लावला.

आमच्यात घरच्या पुरुषांसमोरही बाई केस सोडत नाही. आईने डाव्या हाताने सोडले. उजवा हात वर निघाला, खांद्यापाशी अडकला, थरथरला. एका पोराला इतकं हसू आलं की नाकातून सरबत आलं.

शेठ पान थुंकला. "दुखणं लपवते. उद्यापास्नं घरीच बस."

डॉक्टर खूश. "आता खरं उत्तर मिळालं. लिही."

मला किळस आली. त्या पोराच्या ओल्या नाकाची. त्या पिंकेची. सगळ्यात जास्त, माझ्या हातातल्या पेनची.

कागद डॉक्टरांच्या मांडीवर टाकला. अंगणात उतरले. आईचे केस विंचरले, बोटांनी, सावकाश. सबंध ओट्याला ताटकळत ठेवलं. अंबाडा घट्ट बांधला.

"पुढची बाई घे," डॉक्टर म्हणाले.

"नाय घेत." ओट्यावरच्यांशी मी पहिल्यांदाच आमच्या बोलीत बोलले.

"अगं, तुमच्याच भल्यासाठी चाललंय ना?"

"मंग घरा येवा. दार लावून इचारा. शेठला भायेर ठेवा."

कोणी आलं नाही. आईला काम परत मिळालं नाही.

आता माझाही खांदा धरतो. प्रश्न घेऊन साहेब लोक अजून येतात, गोड हसतात, बोलीत सांगायला माणूस हवं म्हणतात. मी आधी विचारते, ऐकायला कोण बसलंय? मालक बसला असेल तर माझी बोली मिळणार नाही. एक शब्दही नाही.